न काढलेल्या सिनेमातली चूल

आमच्या घरी माझी नोकरी कुणालाच धड कळली नाही. मी सोलापुरातल्या एका कॉलेजात माध्यमांचा विषय शिकवते एवढं सगळे सांगायचे, पण नेमकं काय करते असं कुणी विचारलं की गडबड व्हायची. एकदा पाहुण्यांसमोर आमच्या ह्यांनी ते समजावून सांगायचं मनावर घेतलं. म्हणाले, "हिची पोरं सिनेमा काढायची सगळी तयारी करतात. गोष्ट लिहितात, जागा बघून येतात, परवानग्या आणतात, कुठल्या दिवशी काय करायचं तेसुद्धा ठरवतात. मग ते सगळं फायलीत लावून हिला देतात. ही त्याला मार्क देते. संपलं."

"आणि सिनेमा?"

"तो काढायचा नसतो."

पाहुण्या बाई म्हणाल्या, "म्हंजे मुलगी बघायची, याद्या करायच्या, हॉल ठरवायचा, अन् लग्नच लावायचं न्हाई व्हय?" सगळे खो खो हसले. मीही हसले, कारण माझा अभ्यासक्रम इतक्या थोडक्यात मलाही कधी सांगता आला नव्हता.

लग्न न लावण्यामागे कारण होतं. कॅमेरा हातात आला की पोरांचं डोकं चालायचं थांबतं. समोर दिसेल ते टिपत सुटतात आणि शेवटी कशाचा कशाला मेळ नसतो. म्हणून आमच्या या प्रकल्पात कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. आधी विषय ठरवायचा, माणसांना भेटायचं, पटकथा लिहायची. मग प्रत्येक दृश्याची चौकट काढून चित्रांनी वही भरायची, त्याला स्टोरीबोर्ड म्हणतात. प्रत्यक्ष जागेवर जाऊन उजेड कुठून येतो, आवाज कसला येतो, वीज असते का, हे बघून यायचं, ती रेकी. आणि सगळ्यात शेवटी स्वतःच्या कामाचं मूल्यमापन स्वतःच लिहायचं. काय ठरवलं होतं, काय बदलावं लागलं, का बदलावं लागलं.

हे शेवटचं पान मी सगळ्यात आधी उघडायची. बहुतेकांच्या पानावर एकच मजकूर असायचा. वेळ कमी पडला, सर्वांनी सहकार्य केले, खूप शिकायला मिळाले. त्याखाली मी लाल पेनानं 'खोटं' असं लिहून फाईल परत करायची. मी रागीट म्हणून कॉलेजात प्रसिद्ध होते आणि ती प्रसिद्धी मी जपली होती.

तऱ्हा तर काय एकेक पाहिल्या. मोडनिंबच्या एका पठ्ठ्यानं बोरांच्या बागेवरच्या माहितीपटात हेलिकॉप्टर लिहिलं होतं. कुठून आणणार, विचारलं तर म्हणाला, "मॅडम, काढायचा न्हाईच हाय तर कंजुषी कशाला?" त्याचं म्हणणं खोडून काढायला मला अख्खा तास लागला. एकीनं म्हशीच्या मालकाची लेखी परवानगी आणली, पण ज्या बाईची मुलाखत घ्यायची तिला काही विचारलंच नव्हतं. केमच्या एका मुलीला चित्रं काढता येत नव्हती, तर तिनं घरातल्या सगळ्या आत्यांना एकेका दृश्यात उभं करून मोबाइलवर फोटो काढले आणि चौकटीत चिकटवले. सुंदर स्टोरीबोर्ड होता तो. अगदी अलीकडे एकानं कॉम्प्युटरकडूनच चित्रं काढून घेतली. त्यात आपला चादर विणणारा माणूस हातमागावर बसलेला आणि मागच्या खिडकीत बर्फाचे डोंगर. "हे कुठलं सोलापूर?" असं विचारल्यावर तो इतका मनापासून ओशाळला की मला पुढं रागावताच आलं नाही.

पण सांगायची गोष्ट आहे ती अश्विनीची. मी निवृत्त झाले त्याच वर्षी ती शेवटच्या वर्षाला होती.

अश्विनीचे वडील चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात पत्रा कापायचं आणि जोडायचं काम करत. पोरगी हुशार, पण आधी एकदा वर्ष गेलेलं. या प्रकल्पात नापास झाली असती तर पुन्हा वर्ष जाणार होतं. घरात तिचा चुलता टपूनच बसला होता. त्यानं एका ठिकाणी पॅकिंगच्या कामाचं बोलूनही ठेवलं होतं. तिचे वडील म्हणायचे, एवढं वर्ष होऊ द्या. एवढं वर्ष झालं की पोरगी पदवीधर, आणि नाही झालं तर सोमवारपासून पॅकिंगला. अश्विनीला हे रोज जेवताना ऐकावं लागायचं.

तिनं विषय निवडला गौरव्वाचा. अक्कलकोटच्या बाजूची बाई, लग्न होऊन सोलापुरात आलेली. घरात कानडी, बाहेर मराठी. पन्नाशीच्या पुढची. सून नीलम्माला हाताशी धरून कडक भाकरी करून विकायची. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, ही ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ थापतात, तव्यावर भाजतात आणि मग चुलीच्या कडेला उभी करून अशी शेकतात की पापडासारखी मोडते. बरेच दिवस टिकते. शेंगाचटणी आणि दही असलं की दुसरं काही लागत नाही.

अश्विनी तिथं रेकीला जायला लागली. आठवड्यातून दोन-तीनदा जायची, नुसती बसायची, टिपणं काढायची. तिच्या पहिल्या टिपणात लिहिलं होतं की चूल घराच्या आतल्या कोपऱ्यात आहे आणि तिथं इतका अंधार आणि धूर आहे की गौरव्वाचा चेहरा दिसतच नाही. मी समासात लिहिलं, "उजेडाचं काय करणार?" हा प्रश्न मी दर वर्षी प्रत्येक फायलीत लिहायची.

मग एका दुपारी अश्विनी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. डोळे लाल.

"मॅडम, मला विषय बदलायचाय."

"आता? फाईल द्यायला किती दिवस राहिलेत माहीत आहे का?"

"माहितीय. पण मी तिथं पुन्हा न्हाई जाऊ शकत."

बसवून, पाणी पाजून विचारलं तेव्हा कळलं. माझा शेरा वाचून ती गौरव्वाला सहज म्हणाली होती, "मावशी, तुमची चूल दाराशी असती तर किती बरं झालं असतं, चेहरा छान दिसला असता." एवढंच. पुढच्या खेपेला गेली तर आतल्या कोपऱ्यात चूलच नव्हती. गौरव्वानं ती मोडली होती आणि दाराशी नवी घातली होती. माती आणून, भुसा कालवून, शेणानं सारवून, वर विभूतीची बोटं ओढून. सिनेमा येणार म्हणून. आणि दारातला वारा आता सरळ चुलीत शिरत होता. जाळ एका अंगाला पळायचा, भाकरी एका बाजूनं करपायची, दुसऱ्या बाजूनं कच्ची राहायची. संक्रांत आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा तोंडावर आलेली. तिच्या वर्षभरातल्या मोठ्या मागणीचे दिवस ते.

"सिनेमा काढायचा नाहीये, हे तू तिला सांगितलं नव्हतंस?"

"प्रकल्प हाय म्हणून सांगितलं होतं मॅडम. तिला वाटलं प्रकल्प म्हंजे शूटिंग."

शेवटच्या पानाचं काय करणार, म्हणून विचारलं. ती खाली बघून म्हणाली, "दुसरा विषय घेतला तर हे लिवायलाच लागणार न्हाई." तेवढं मात्र मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "विषय बदललास तर पहिल्या पानावर माझी सही मिळणार नाही. ऊठ. रिक्षा बघ."

गौरव्वाच्या घरी पोचलो तेव्हा ती नव्या चुलीपुढं बसली होती. अंगावर इस्त्रीची साडी, केसांत अबोली. अश्विनीनं मला हळूच सांगितलं की चूल हलवल्यापासून ती रोज अशीच बसते. कोण जाणे कॅमेरा कधी येईल. मला बघून तिचा चेहरा फुलला.

"बर्री बाई, बर्री. कुंद्री हितं." तिनं कानडीतच या, बसा करत पाट सरकवला आणि माझ्या मागं दाराबाहेर नजर टाकली. "क्यामेरा कुटं हाय?"

हे मी सांगायचं की अश्विनीनं, असा प्रश्न होता. मी तोंड उघडणार तोच अश्विनी म्हणाली, "मावशी, कॅमेरा येणार न्हाई. आमाला कागदावरच करायचं असतंय. मी तुमाला नीट सांगितलं न्हाई."

गौरव्वाच्या हातातली भाकरी हातातच राहिली. तव्यावरची करपल्याचा वास यायला लागला. नीलम्मानं ती उलटली.

"मग माझी चूल कशाला मोडाय लावली गं?"

"मी मोडा न्हवतं म्हटलं मावशी. असती तर बरं, एवढंच म्हटलं."

"शिकल्याली पोरगी बरं म्हणतीया म्हंजे करायचंच की!" गौरव्वाचा आवाज चढला. "कोपऱ्यातली चूल माज्या सासूनं घातलेली. ती मोडताना मी देवाची माफी मागितली. कशापायी? कागदापायी?"

अश्विनी रडायला लागली. त्या पाटावर बसून माझ्या मनात आलं, आपण पोरांना माणसांच्या घरात पाठवतो, त्यांच्या चुलीपर्यंत पाठवतो, आणि परत येताना काय सांगून यायचं ते शिकवतच नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

गौरव्वानं भाकरी तव्यावर टाकली. मग माझ्याकडे न बघता अश्विनीला म्हणाली, "कागदावर हाय म्हणतीस न्हवं? मग वाच."

"काय?"

"तुजा पिच्चर. वाच. आमी थापतो, तू वाच."

अश्विनीनं डोळे पुसले, पिशवीतून फाईल काढली आणि वाचायला लागली. पहिलं दृश्य, दुसरं दृश्य. दोन ओळी झाल्या की चित्र उलटं करून दाखवायची. सुरुवातीला दोघी नुसत्या ऐकत होत्या. मग नीलम्मा म्हणाली, "चित्रात अत्ती मांडी घालून बसल्यात. अशा न्हाई बसत त्या." सासूला कानडीत अत्ती म्हणतात. गौरव्वानंही वाकून बघितलं. "व्हय की. माजा उजवा गुडगा दुखतो, मी एक पाय पुढं टाकून बसते. ते बदल." अश्विनीनं पेन्सिल काढली आणि तिथंच पाय बदलला. मग दोघींना रंगच चढला. काठवट चुकीच्या हाताला आहे, पाण्याची तपेली कुठं गेली, असल्या काठांची साडी कोण नेसतं. शेजारची एक बाई भाकरी न्यायला आली आणि दारातच टेकली. तिला मधूनच ऐकायला मिळालं, म्हणून नीलम्मानं तिला आधीची गोष्ट सांगितली. माझ्या नोकरीत मी जितके सिनेमे तपासले त्यांतला प्रेक्षकांसमोर लागलेला हा एकमेव.

मग धुराचं दृश्य आलं. अश्विनीनं पहिल्या रेकीत लिहिलेलं. ती वाचत गेली. "धूर छपराला लागून मागं फिरतो आणि गौरव्वांच्या डोळ्यांत उतरतो. त्या पदरानं डोळे पुसतात. त्या रडतायत असं प्रेक्षकांना वाटू नये म्हणून कॅमेरा आधी धूर दाखवेल, मग डोळे."

भाकरी थापायचा आवाज थांबला.

"धूर लिवलाय बघा अत्ती," नीलम्मा हळूच म्हणाली.

गौरव्वानं चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "लगीन होऊन आले तवापासनं तो धूर खाल्ला. डोळं चोळायची तर सासू म्हणायची, सून सारखी रडती. नवराबी म्हणायचा." तिनं हात झटकले. "आता भाईर जातो. तेवढं मातर खरं हाय. डोळ्याची आग न्हाई व्हत आता. पर वाऱ्याचं काय करू सांग. जाळ ठरत न्हाई."

अश्विनीनं वाकून चुलीकडे, मग दाराकडे बघितलं. रेकीत बघतात तसंच. "मावशी, वाऱ्याच्या बाजूला आडोसा केला तर? कमरेएवढा. वरनं धूर जाईल."

"कशाचा आडोसा?"

"पत्र्याचा. माझे बाबा करतील."

पुढच्या सुटीच्या दिवशी अश्विनीचे वडील पत्रा घेऊन आले. मीही गेले, मला राहवलं नाही. ते उंबऱ्याशीच थांबले. टेप काढून बाहेरूनच अंदाज घेत होते. बाहेरनंच करतो म्हणाले. गौरव्वानं एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चूल आत हाय, अन् माप भाईरनं घेनार व्हय? या की आत." ते चपला काढून आत आले. नंतर नीलम्मानं सगळ्यांना चहा दिला आणि त्यांनी तो चुलीशेजारी बसून घेतला. अश्विनी त्या वेळी वडिलांकडे नाही, त्यांच्या हातातल्या, सगळ्यांसारख्याच कपाकडे बघत होती.

आडोसा बसला. जाळ सरळ उभा राहिला. धूर वरून बाहेर. गौरव्वानं पहिली भाकरी टाकली, उलटली, कडेला उभी केली. दोन्ही अंगांनी सारखी. ती मोडून तिनं पहिला तुकडा अश्विनीच्या वडिलांच्या हातावर ठेवला.

सगळे खुश होते. एकटी अश्विनी दाराच्या आत-बाहेर करत होती. शेवटी माझ्याजवळ येऊन कुजबुजली, "मॅडम, उजेड गेला."

खरंच गेला होता. कमरेएवढा पत्रा, आणि बाई खाली बसलेली. दारातून येणारा सगळा उजेड आडोशावर अडत होता आणि गौरव्वाचा चेहरा पुन्हा अंधारात. ज्या उजेडासाठी चूल हलली, तोच नाहीसा झाला होता. मी म्हटलं, "मग लिही तसं."

तिनं लिहिलं. माझ्या नोकरीतलं सगळ्यात लांब शेवटचं पान. सहकार्य आणि वेळेची एक ओळ नाही. आपण काय बोललो, त्यातून काय झालं, चूल कोणाची होती, वारा, पत्रा, गेलेला उजेड, सगळं. मी 'खोटं' लिहायला पेन शोधलंसुद्धा नाही.

तोंडी परीक्षेला पुण्याहून परीक्षक आले होते. सज्जन माणूस, पण कडक. स्वतः चित्रीकरणाचं काम वर्षानुवर्षं केलेले. फाईल त्यांनी नीट वाचली होती, ते बघून मला बरंही वाटलं आणि धाकधूकही वाटली. ते म्हणाले, "तुम्ही आधी उजेड आणलात आणि मग तो स्वतःच घालवलात. याला नियोजन म्हणतात का?"

अश्विनी उभी होती, हात मागे. "नाही सर. चूक झाली, ती लिहिलीये."

"ती वाचली. आता पुढचं सांगा. समजा, उद्या शूटिंग आहे. काय कराल?"

"चेहऱ्याचे शॉट काढून टाकलेत सर. हात दाखवायचे, जाळाच्या उजेडात. भाकरी थापायचा आवाज. शेवटच्या चौकटी नव्या काढल्यात."

"पाहिल्या. पण माणसाची गोष्ट आहे, चेहरा नको? साधी गोष्ट आहे. तासाभरापुरता तो पत्रा काढून बाजूला ठेवायचा. शूटिंग झालं की परत लावायचा. सगळे असंच करतात."

"पत्रा काढायचा नाही सर."

"का?"

"मग वारा येतो. ती दुसऱ्या कुणाच्या घरची चूल आहे. एकदा हलवली माझ्यामुळं. आता शॉट हलवायचा."

परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. मला माहीत होतं, ते आता काहीतरी लिहिणार. या खोलीत एका पोरीचं वर्ष ठरत होतं आणि घरी तिचा चुलता वाट बघत होता. ते म्हणाले, "याचा अर्थ कळतोय का तुम्हाला? तुमचा सिनेमा कमजोर होईल."

अश्विनीनं इतका वेळ जपलेली कॉलेजची भाषा सोडून दिली.

"होऊ दे की सर. बघणाऱ्याला थोडा वेळ तिचं तोंड दिसणार न्हाई. तिला तितं रोज बसायचंय."

परीक्षकांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खिडकीकडे तोंड फिरवलं, कारण माझे डोळे भरून आले होते आणि इतकी वर्षं कमावलेल्या रागीटपणाचं वाटोळं व्हायची वेळ आली होती. शेवटच्या वर्षी का होईना, हे ऐकायला मिळालं, याबद्दल कुणाचे आभार मानावेत कळेना. म्हणून समोर उभ्या असलेल्या मुलीलाच मी "थँक्यू" म्हणाले.

ती गोंधळली. आधी माझ्याकडे, मग परीक्षकांकडे बघत राहिली.

"मॅडम, थँक्यू म्हंजे... मी पास का?"

परीक्षक हसले. त्यांनी गुणांचा कागद माझ्याकडे सरकवला आणि पेनही.